दगडांच्या थरांत रमलेले मिशनरी : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप



आपल्या मोर्शी-वरुड भागात संत्र्याच्या बगिच्यात बोर मारायची गाडी आली की शेजारपाजारचे चार लोक तरी बांधावर येऊन उभे राहतातच. पाणी लागते की नाही याची धाकधूक मालकाला असते, बाकीचे नुसते पाहत असतात. आधी काळी माती वर येते. मग पिवळसर मुरूम, त्यानंतर काळाकभिन्न खडक आणि त्याचा राखाडी भुगा. पुढे एकदम कुठेतरी लालभडक गेरूसारखा गाळ उसळतो, की लगेच पुन्हा काळा खडक. चारशे-पाचशे फुटांपर्यंत हा खेळ चालतो. पाणी लागले तर नारळ फुटतो, नाही लागले तर मालक डोक्याला हात लावून बसतो. पण जमीन अशी थराथराने का लागते, काळ्या खडकाच्या मध्येच लाल पट्टा कुठून येतो, असे कोणी फारसे विचारत नाही.

हाच प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या शेजारच्या नागपुरात एका परदेशी माणसाला पडला होता. त्याच्याकडे बोरची गाडी नव्हती. होता एक हातोडा, एक घोडा आणि शाळेच्या व प्रवचनाच्या कामातून उरलेला थोडा वेळ. त्या माणसाचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी आहे, कारण आपली मुले त्या नावाच्या कॉलेजात शिकली आहेत. पण हिस्लॉप कॉलेजचे हिस्लॉप कोण, हे विचारले तर बहुतेकांची गाडी अडते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिणेला बर्विकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. आपण ज्या दिवशी पवित्र मरियेचा जन्मदिन साजरा करतो, तीच तारीख. डन्सपासून काही मैलांवर स्लाइहाउसेस नावाचे शेत आहे. हिस्लॉप यांच्या जन्माआधी अर्धशतकाहून अधिक काळ जेम्स हटन नावाचे गृहस्थ ते शेत कसत होते. नांगरलेल्या जमिनीतून दर पावसाळ्यात माती वाहून जाते, मग नवी जमीन कुठून तयार होते, या विचारातून हटन यांनी आधुनिक भूशास्त्राचा पाया घातला. त्याच परगण्याच्या समुद्रकाठावर सिकार पॉइंट येथे १७८८ मध्ये त्यांनी उभ्या खडकांवर आडवे खडक बसलेले पाहिले आणि पृथ्वीचे वय काही हजार वर्षांत मावणारे नाही हे ओळखले. अशा मातीत वाढलेल्या मुलाला दगडांचे वेड लागावे यात नवल नाही.

त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हेही पाद्री झाले. आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेवर अत्यंत कडवट टीका करणारे ‘द टू बॅबिलॉन्स’ हे पुस्तक त्यांचेच. त्यातला इतिहास आज जाणकार मानत नाहीत, तरी अधूनमधून कोणीतरी ते आपल्या तोंडावर फेकते. एकाच घरातले दोघे भाऊ. एकाने जुन्या काळाविषयी हवे ते जुळवून लिहिले आणि दुसऱ्याने जुना काळ शोधताना हाती लागलेला प्रत्येक शिंपला तपासून घेतला. धाकट्याविषयी आपल्या पानावर लिहिताना थोरल्याची आठवण ठेवावी लागते. पण भावाचे ओझे भावाच्या डोक्यावर कशाला?

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. चर्चच्या कारभारात सरकारचा आणि जमीनदारांचा हात नको, असे म्हणत शेकडो पाद्री आपली घरे व पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. तरुण हिस्लॉप या नव्या चर्चबरोबर राहिले. दुसऱ्याच वर्षी नागपूरला मिशन सुरू करण्यासाठी त्यांची निवड झाली. पत्नी एरॅस्मा यांच्यासह डिसेंबर १८४४ मध्ये ते मुंबईला उतरले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला पोहोचले. तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबई ते नागपूर हा प्रवास म्हणजे कित्येक दिवस काळ्या खडकाच्या एकाच पठारावरून चालणे. त्या वेळी नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते आणि आपले वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होते.

हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली. १८४६ मध्ये शाळा काढली. बाजारात उभे राहून बोलायचे, शाळेत शिकवायचे आणि पाऊस सरला की खेड्यापाड्यांतून दौरा करायचा, असा त्यांचा क्रम पडला. पुढे त्यांच्या मदतीला रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी आले. दोघांचे चांगले जमले, कारण दोघांनाही फिरताना खाली पाहून चालायची सवय होती.

१८५१ साली नागपूरच्या जवळ टाकळी येथे त्यांना काळ्या खडकांच्या मधोमध एक पातळ, गारगोटीसारखा कठीण थर दिसला. तो फोडला तर आत शिंपले होते. समुद्रातले नव्हेत, तर तळ्यातले. आपल्या तलावाच्या काठी चिखलात जसे छोटे गोगलगाईचे शंख सापडतात, तसे. त्याबरोबर झाडांची दगड झालेली खोडे, बिया, फळे, किडे यांचे अवशेषही मिळू लागले.

असे शंख मिळण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. माल्कमसन नावाच्या एका डॉक्टरांनी काही वर्षे आधी निजामाच्या मुलखात ते गोळा केले होते आणि त्यातल्या एका मोठ्या शंखाला जेम्स प्रिन्सेप यांच्या नावावरून नावही मिळाले होते. पण हिस्लॉप आणि हंटर तेवढ्यावर थांबले नाहीत. तो थर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे त्यांनी गावोगाव फिरून तपासले. त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. नागपूर परिसराच्या जमिनीचे असे पद्धतशीर वर्णन त्याआधी कोणी केलेले नव्हते.

आता त्या शंखांचा अर्थ काय, ते जरा सावकाश पाहू. काळा खडक, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट किंवा ट्रॅप म्हणतात, तो एकेकाळी तापलेला पातळ रस होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो वर आला आणि साखरेच्या पाकासारखा पसरला. थंड होऊन त्याचा दगड झाला. मग कित्येक वर्षे, कधी हजारो वर्षे, काहीच घडले नाही. त्या दगडाच्या पाठीवर पाऊस पडला, खळग्यांत तळी साचली, गवत उगवले, झाडे वाढली, गोगलगाई आल्या. उघड्या पडलेल्या दगडाची वरची पापुद्र्यासारखी बाजू कुजून, त्यातले लोखंड गंजून लाल झाली. आणि मग एके दिवशी पुन्हा जमीन फाटली, नवा रस आला आणि ते तळे, ती झाडे, ती लाल माती सगळे झाकले गेले. गरम पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य, लाकडाच्या कणाकणात शिरले. लाकूड गेले, पण त्याचा आकार पेशीपेशीसकट दगडात राहिला. बोरमधून मध्येच उसळणारा लाल गेरू म्हणजे अशाच एखाद्या जुन्या जमिनीचा पृष्ठभाग असतो. आपण पाणी शोधत असतो आणि हाती लागते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे अंगण.

खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा साधा वाटणारा नियम पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत मांडणारा माणूस मात्र आपल्या ख्रिस्तसभेचा होता, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. डेन्मार्कचे नील्स स्टेन्सन यांनी १६६९ मध्ये तो मांडला. पुढे ते धर्मगुरू व बिशप झाले आणि १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. हिस्लॉप त्याच नियमाने नागपूरची जमीन वाचत होते.

आणि वाचण्यासाठी नागपूरइतकी चांगली जागा दुसरी क्वचितच असेल. पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅपची जाडी दोन हजार मीटरच्याही वर जाते. तिथे कितीही फिरा, खालचे काही दिसत नाही. नागपूर मात्र या काळ्या चादरीच्या पूर्वेकडच्या काठावर वसले आहे. चादर तिथे विरत जाते आणि खालचे अंथरूण उघडे पडते. सीताबर्डीच्या टेकडीवर ट्रॅप आहे. त्याखाली चुनखडीयुक्त, मातकट असा पातळ थर आहे, ज्याला आज जबलपूरजवळच्या घाटावरून लमेटा म्हणतात. कामठी, सिलेवाडा या बाजूला कन्हान नदीच्या परिसरात जाड वाळूचे खडक आहेत. आणि सगळ्यांच्या तळाशी, शहराच्या पूर्वेला उघडा पडलेला, पट्ट्यापट्ट्यांचा फार जुना स्फटिकी खडक, म्हणजे ग्नाइस. चार थर, चार युगे, आणि सगळी एका दिवसाच्या घोडदौडीत.

सिलेवाड्याच्या वाळूच्या खडकात हिस्लॉप यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. ग्लॉसोप्टेरिस असे त्या झाडाचे नाव. तीच पाने बंगालमधील राणीगंजच्या कोळशाच्या खाणीत आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या कोळशातही सापडली होती. म्हणजे नागपूरचे खडक कोळशाच्या खडकांचे भाऊबंद निघाले. उमरेड-चंद्रपूर भागातल्या ज्या कोळशावर आज विदर्भातली वीज तयार होते, त्याचे नाते या पानांशी आहे. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका यांत एकच झाड कसे, या प्रश्नातून पुढे शास्त्रज्ञांनी एका जुन्या, आता तुकडे झालेल्या महाखंडाची कल्पना केली. त्याला नाव दिले गोंडवन, आपल्या गोंड बांधवांच्या भूमीवरून.

नागपूरच्या दक्षिणेला सुमारे साठ मैलांवर मांगली येथे लाल खडकात एका प्राण्याची चपटी कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि तिथले नावाजलेले शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. बेडकाच्या कुळातला, पाण्यात आणि काठावर राहणारा, रुंद डोक्याचा तो प्राणी सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. नागपूरची दगडी पाने चार्ल्स बनबरी यांनी, बारीक शिंपल्यांचे जीव रुपर्ट जोन्स यांनी आणि दगडातले भुंगे अँड्र्यू मरे यांनी अभ्यासले. हिस्लॉप इकडून खोकी भरून पाठवत आणि तिकडे एकेक जण आपापल्या विषयाचा तुकडा उचलत असे.

हे सारे त्यांचे मुख्य काम नव्हते, हे विसरून चालणार नाही. चर्चने त्यांना शाळा आणि सुवार्ता यांसाठी पाठवले होते. नागपूरचा उन्हाळा, साथीचे आजार, पैशाची चणचण आणि जवळ मदतीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे. हंटर यांची तब्येत साथ देईना, म्हणून १८५५ च्या सुमारास ते मायदेशी परतले. तिथे त्यांनी इंग्रजीचा एक प्रचंड कोश तयार केला, तो भाग वेगळा. हिस्लॉप मागे राहिले.

दगडांनी मात्र दोघांचीही नावे जपली. आयर्लंडमधील शास्त्रज्ञ सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये नागपूरकडच्या दोन खनिजांचे रासायनिक पृथक्करण करून एकाला हिस्लोपाइट आणि दुसऱ्याला हंटराइट अशी नावे दिली. हिस्लोपाइट म्हणजे मुळात कॅल्साइट, चुन्याचाच स्फटिक. पण त्यात लोखंड असलेल्या एका हिरव्या खनिजाचे कण मिसळल्यामुळे तो गवतासारखा हिरवा दिसतो.

इथे दगडाच्या रसायनाविषयी थोडे बोलायला हवे. आपल्या काळ्या खडकात वजनाने जवळपास निम्मा भाग सिलिकाचा असतो. उरलेल्यात ॲल्युमिनियम, लोखंड, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची ऑक्साइडे. कपाशी आणि संत्रा यांना पोसणारी आपली काळी माती याच खडकाची भुकटी आहे. खडकातली खनिजे पावसाने कुजून तिची चिकणमाती होते, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आता हा रस आला कुठून? हिस्लॉप यांच्या काळी याचे नेमके उत्तर कोणाकडेच नव्हते. पृथ्वीच्या पोटात सगळा रसच भरलेला आहे आणि वर पातळ कवच आहे, असे पुष्कळांना वाटे.

ते उत्तर मिळण्याच्या वाटेवर भारताचेच एक पाऊल आहे. ज्या १८५१ साली हिस्लॉप टाकळीचा थर फोडत होते, त्याच वर्षी थॉमस ओल्डहॅम कोलकात्याला आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे काम सुरू झाले. त्यांचे चिरंजीव रिचर्ड ओल्डहॅम याच खात्यात लागले. १२ जून १८९७ रोजी आसामात भयंकर भूकंप झाला. रिचर्ड यांनी त्याचा अभ्यास केला. भूकंपाच्या लहरी एकाच जातीच्या नसतात, काही वेगाने येतात, काही मागून, हे त्यांनी दाखवले. पुढे १९०६ मध्ये त्यांनी सिद्ध केले की पृथ्वीच्या मध्यातून आरपार जाणाऱ्या लहरींना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे मध्यभागी काहीतरी निराळेच द्रव्य आहे. डॉक्टर जसा पाठीवर बोटे वाजवून आतले ओळखतो, तसे त्यांनी पृथ्वीचा गाभा ओळखला. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे दाखवून दिले.

आज आपल्याला माहीत आहे ते असे. आपल्या पायाखालचे कवच साधारण पस्तीस ते चाळीस किलोमीटर जाड आहे. त्यात वजनाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन. श्वासात घेतो तोच ऑक्सिजन, पण दगडात बांधलेला. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, म्हणजे मॅग्नेशियम आणि लोखंडाने भरलेला जड, हिरवट खडक. तो रस नाही, तो घन आहे, पण इतका तापलेला की कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात तो पिठाच्या गोळ्यासारखा हळूहळू सरकतो. जिथे तो वर चढतो आणि त्याच्यावरचा दाब कमी होतो, तिथे त्याचा थोडासा भाग वितळतो. आपला ट्रॅप म्हणजे असा वितळून वर आलेला भाग. त्याच्याही खाली ५,१५० किलोमीटरपर्यंत वितळलेले लोखंड आणि थोडे निकेल. होकायंत्राची सुई उत्तरेला वळते ती त्या लोखंडाच्या घुसळणीमुळे. आणि अगदी मध्यात, ६,३७१ किलोमीटरवरील केंद्रापर्यंत, प्रचंड दाबाखाली पुन्हा घट्ट झालेले लोखंड. सगळी पृथ्वी एकत्र वजनात घेतली तर तिचा जवळपास तिसरा हिस्सा लोखंडच भरेल.

माणूस या आतल्या गोष्टींपर्यंत कधी पोहोचलेला नाही. रशियातल्या कोला येथे मोठ्या खटपटीने १२ किलोमीटरच्या थोडे पुढे छिद्र गेले. आपल्या महाराष्ट्रात कोयनेला १९६७ चा भूकंप झाला, त्याचे कारण शोधण्यासाठी २०१७ मध्ये गोठणे येथे ३ किलोमीटर खोल बोर मारले गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा खडक संपला आणि जुना ग्रॅनाइटी खडक लागला. एवढेच. प्रावरणातून वर आलेली वस्तू हातात घ्यायची असेल तर मात्र फार लांब जावे लागत नाही. बगिच्याच्या बांधावर पडलेला काळा दगड उचला.

इतक्या कोटी वर्षांच्या गोष्टी एका मिशनऱ्याने कशा पचवल्या, असे कोणी विचारील. बायबल आणि दगड यांत त्यांना भांडण दिसले नाही का? खरे तर त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये हे भांडण आपल्याला वाटते तितके टोकाचे नव्हते. फ्री चर्चचे धुरीण थॉमस चाल्मर्स यांनी फार आधीच मान्य केले होते की उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसांच्या आधी पृथ्वीला दीर्घ काळ गेलेला असू शकतो. त्याच चर्चच्या बाजूने वर्तमानपत्र चालवणारे ह्यू मिलर हे मुळात दगडफोडे होते आणि दगडातल्या माशांवर त्यांनी पुस्तके लिहिली. हिस्लॉप याच वातावरणात घडले. सकाळी शाळेत उत्पत्ती शिकवायची आणि दुपारी टाकळीच्या खडकातून शंख काढायचा, यात त्यांना दोन निरनिराळी माणसे व्हावे लागले नाही. आपल्यापैकी काही जण अजूनही मुलांना विज्ञानाच्या पुस्तकापासून जपून ठेवू पाहतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. रजेवर मायदेशी गेले असताना १८६० मध्ये त्यांचा दुसरा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ट्रॅपमधील शंखांचे थर तृतीयक कल्पाचे, म्हणजे महाकाय सरड्यांचे युग संपल्यानंतरचे ठरवले. आज मोजमाप सांगते की ट्रॅपचा बहुतेक भाग त्या युगाच्या अगदी शेवटी, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, युगाच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पसरला. म्हणजे ते चुकले, पण फार थोड्याने. तेही किरणोत्सर्ग नावाची गोष्ट ठाऊक नसताना, नुसत्या शंखांची तुलना करून. पुढे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलान येथील दगडी फळांवर काम केले, त्याची पायवाट हिस्लॉप यांनीच पाडलेली होती.

गोंडांविषयी त्यांना विशेष ओढ होती. दौऱ्यावर असताना ते त्यांची भाषा, शब्द, रीतिरिवाज टिपून घेत. गोंडांच्या प्रधानांकडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत मिळवले. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांना बाहेर काढले, अशी ती कथा. सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्या आपल्याला ती परकी वाटू नये. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या गुहेतल्या महादेवाला जाणारे लोक आजही सांगतात की तिथून भुयाराने पचमढीला जाता येते.

सालबर्डीचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. आपल्या तालुक्याच्या त्या टोकाला, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठा तडा गेलेला आहे. त्या तड्याने खालचे थर वर उचलले गेले. म्हणून मोर्शीच्या बगिच्यात ज्या गोष्टी पाचशे फूट बोर मारूनही दिसत नाहीत, त्या तिथे उघड्यावर आहेत. तळाला ग्नाइस, त्यावर गोंडवनाचा वाळूचा खडक, त्यावर लमेटा आणि माथ्यावर ट्रॅप. नागपूरला हिस्लॉप यांनी वाचलेली तीच चार पाने, त्याच क्रमाने. तिथला गरम पाण्याचा झराही याच तड्याची करामत. पावसाचे पाणी भेगेतून खोल जाते, तिथे तापते आणि परत येते. किलोमीटरभर खाली गेले की उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते. गेल्या काही वर्षांत सालबर्डीच्या लमेटा थरात महाकाय, लांब मानेच्या डायनोसॉरची हाडे आणि अंड्यांची घरटी सापडली. अमरावतीच्याच अभ्यासकांनी ती जगापुढे मांडली. यात्रेला जाताना आपण त्याच खडकांवर बसून शिदोरी सोडतो.

अशी हाडे हिस्लॉप यांच्याही हाती लागली होती. वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे शेतातून मोठमोठी दगडी हाडे निघत. ती कोणत्या तरी प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याची असावीत, एवढे त्यांनी ओळखले होते आणि त्याविषयी ते लंडनला पत्रे लिहीत होते.

१८६३ चा पावसाळा. मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेम्पल यांना नागपूरच्या दक्षिणेकडील टाकळघाटची दगडांची जुनी वर्तुळे पाहायची होती. जमिनीत पुरलेल्या माणसांभोवती कोणीतरी फार पूर्वी मोठे धोंडे गोल मांडून ठेवले होते. या भागाची माहिती हिस्लॉप यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला नव्हती, म्हणून तेही गेले. बोरी येथे मुक्काम होता. ४ सप्टेंबरचा दिवस. वर्तुळे पाहून झाली, मंडळी परतली आणि हिस्लॉप थोडे मागे राहिले. अंधारात घोड्यावरून ते एकटेच निघाले. जाताना सहज ओलांडलेला नाला दरम्यानच्या पावसाने फुगला होता. आपल्याकडच्या नाल्यांचे हे असेच. पाऊस वर कुठेतरी डोंगरात पडतो आणि इथे कोरड्या पात्रात तासाभरात माणूसभर पाणी येते. काळी जमीन एकदा भिजली की पाणी पोटात घेत नाही, सगळे नाल्याला देते. त्या पुरात ते वाहून गेले. मुक्कामावरच्या लोकांनी रात्री शोध घेतला, तेव्हा मिळाला तो मृतदेहच. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते.

मागे पत्नी आणि मुले राहिली. शाळेचे पुढे कॉलेज झाले आणि १८८३ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. गोंडांवरच्या टिपणांचे गाठोडे टेम्पल यांनी स्वतः तपासून १८६६ मध्ये छापले. टाकळघाट परिसरातील वर्तुळांचे उत्खनन नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी १९६८ मध्ये केले. त्यात तांब्या-लोखंडाच्या वस्तू आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. आणि पिसदुऱ्याच्या हाडांविषयी हिस्लॉप यांनी लिहिलेली पत्रे लंडनच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाली ती १८६४ मध्ये, पाठवणारा जाऊन वर्ष होत आले तेव्हा. ती हाडे टायटॅनोसॉरस या जातीची आहेत, हे ठरायला आणखी पंधरा वर्षे लागली.